गुलाबीशिवायची स्लाइड

"तुझी बॅच दुपारची आहे," नसीम म्हणाली, "आणि माझी सकाळची."

नोटीस बोर्डासमोर ही एवढी गर्दी होती आणि नसीम टाचा उंचावून पुन्हा पुन्हा तेच वाचत होती. मी बोर्डापर्यंत गेलोच नाही. तिचा चेहरा बघूनच मला कळलं होतं. कॉलेजात आल्यापासून प्रत्येक प्रॅक्टिकलला आमचं टेबल एकच असायचं. तिचं आडनाव मुलाणी, माझं रेडेकर, आणि मधे एकही पाटील नसलेला कोल्हापूर जिल्ह्यातला तो एकमेव वर्ग असावा, त्यामुळे आमचे रोल नंबर लागून यायचे. आता बी. एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला यादीचे दोन तुकडे करणाऱ्याने नेमकी आमच्या मधोमध रेघ मारली होती.

"हिरेमठ सरांना सांगू या, बॅच बदलून द्या म्हणून."

"आणि कारण काय सांगायचं?" मी विचारलं.

कारण सांगता येत नव्हतं, हीच तर सगळी अडचण होती.

मला जांभळा आणि गुलाबी यांतला फरक कळत नाही. लाल, हिरवा, तपकिरी हेही माझ्या डोळ्यांत एकमेकांत मिसळलेले असतात, पण त्याने माझं फारसं काही अडत नव्हतं. सूक्ष्मजीवशास्त्रात मात्र त्या दोन रंगांवाचून पान हलत नाही. कुठलाही जंतू ओळखायचा म्हटलं की पहिली पायरी ग्राम स्टेनची. काचेच्या स्लाइडवर जंतूंचा पातळ लेप द्यायचा, त्यावर जांभळा रंग घालायचा, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं आणि शेवटी गुलाबी रंग घालायचा. काही जंतू स्पिरिटलाही दाद देत नाहीत आणि जांभळेच राहतात. काही जांभळा सोडून देतात आणि मग गुलाबी होतात. औषध कोणतं लागू पडेल, पुढच्या तपासण्या कोणत्या करायच्या, सगळं तिथून ठरतं. मला ते दोन्ही ओल्या राखेच्या रंगाचे दिसायचे.

हे आमच्याकडे आजोळाकडून आलं. नेसरीचे दिनूमामा रेल्वेच्या भरतीत लेखी परीक्षा पास झाले, पळण्यात पहिले आले आणि डोळ्यांच्या डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक उघडल्यावर घरी परत आले. लग्नात मामीसाठी त्यांनी स्वतः निवडून आणलेल्या शालूची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक बारशाला निघते. मामा स्वतःही हसायचे, पण एकदा परड्यात मिरच्या तोडताना मला म्हणाले होते, "उत्तमा, आपली नोकरी डोळं तपासणारा भेटंपर्यंत." मी तेव्हा बारावीत होतो. ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

पहिल्या ग्राम स्टेनच्या दिवशी सगळा वर्ग सूक्ष्मदर्शकात डोकावून "जांभळा, जांभळा" करत होता आणि मी घामाने भिजलो होतो. नसीमच्या ते लक्षात आलं. तिने काही विचारलं नाही. माझ्या सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "छान आहे." थोड्या वेळाने दुसरी स्लाइड बघून म्हणाली, "बरी आहे." तेव्हापासून छान म्हणजे जांभळा आणि बरी म्हणजे गुलाबी. मी स्लाइड उत्तम करायचो, जंतूंचे आकार, त्यांची मांडणी मला सगळ्यांच्या आधी दिसायची, आणि तेवढा एक शब्द तिच्याकडून घ्यायचो. मुलं आम्हाला चिडवायची, कारण एवढ्या वेळा "छान आहे" म्हणणारी मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. आम्ही चिडवू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

परीक्षेत प्रत्येकाला चिठ्ठी उचलावी लागायची. चिठ्ठीवरच्या नंबरची नळी मिळायची, तिच्यात एक अनोळखी जंतू, आणि तो ओळखण्याची सुरुवात त्या रंगापासून. रंग चुकला की पुढचं सगळं चुकलं. नापास झालो असतो तर वर्ष गेलं असतं, आणि ते एक वेळ चाललं असतं. मला भीती होती ती पकडलं जाण्याची. एकदा कळलं की या मुलाला रंग दिसत नाहीत, की मला त्या खोलीतून कायमचं बाहेर काढतील असं वाटायचं. आणि त्या खोलीशिवाय मला दुसरं काही नको होतं. पावाच्या तुकड्यावरची बुरशी, हौदातल्या पाण्याचा थेंब, दाताच्या कडेचं कीटण, काहीही काचेखाली धरलं की मी तहानभूक विसरायचो.

ही गोडी लावली हिरेमठ सरांनी. आमचे विभागप्रमुख. बारा महिने पांढरा शर्ट, पांढरी पँट, फळ्यावर फक्त पांढरा खडू. ते सांगायचे, की हा विषय एका कापडवाल्याने सुरू केला आणि स्वयंपाकघराने वाढवला. हॉलंडमधला लेव्हनहूक कापड विकायचा, त्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पहिल्यांदा जंतू पाहिले. आणि जंतू वाढवायला आपण बशीत जे अगार ओततो ते सुचवलं एका शास्त्रज्ञाच्या बायकोने, कारण घरी ती मुरंब्याला घट्टपणा यायला तेच वापरायची. ग्रामची गोष्ट सांगताना तर ते रंगात यायचे. बर्लिनमध्ये तो मेलेल्या माणसांच्या फुफ्फुसांत जंतू शोधत होता. काही जंतू जांभळा रंग धरत, काही सोडून देत आणि दिसेनासे होत. बिचारा याला आपल्या पद्धतीचा दोष समजत होता. गुलाबी रंगाची भर मागाहून दुसऱ्यांनी घातली.

सरांची एक सवय होती. स्लाइडवर त्यांचा भरवसा नव्हता. कपाटातली पोटॅशची, म्हणजे जंतूंना फोडणाऱ्या कडक क्षाराची बाटली काढायचे, थेंबभर पोटॅशमध्ये जंतू कालवायचे आणि तारेचा लूप हळूच वर उचलायचे. लुपाबरोबर चिकट दोरा वर आला तर जंतू गुलाबी जातीचा, नाही आला तर जांभळ्या. आमच्याकडे गुऱ्हाळावर गुळव्या पाकाची तार बघतो ना, अगदी तसं. म्हणून पोरांनी त्यांचं नाव गुळव्या ठेवलं होतं. हे अभ्यासक्रमात नव्हतं आणि आम्हाला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. प्रॅक्टिकलला मात्र ते कधी स्लाइडचा रंग सांगत नसत. "काय दिसतंय ते मोठ्यानं सांगा," म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत उभे राहायचे.

परीक्षेच्या दिवशी दुपारी नसीम बाहेर आली तेव्हा मी पायऱ्यांवर बसून पाय हलवत होतो. तिचं प्रॅक्टिकल चांगलं गेलं होतं, पण ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक कानविंदे मॅडम प्रत्येक स्लाइड स्वतः बघतात, रंग विचारतात आणि उत्तर द्यायला उशीर झाला तरी टिपून ठेवतात, एवढं तिने सांगितलं. मग म्हणाली, "अंदाजानं सांगू नकोस. चुकलास तर चुकलास, पण अंदाजानं नको." मी मान हलवली. अंदाजाशिवाय माझ्याकडे दुसरं होतं तरी काय?

आत बर्नर फुरफुरत होते. मी चिठ्ठी उचलली, नळी घेतली आणि लूप आचेवर धरला. लालभडक होईपर्यंत तापवा असं सगळे सांगतात. मी आपला चकाकेपर्यंत तापवतो. लेप दिला, वाळवला, आचेवरून फिरवला. जांभळा, आयोडीन, स्पिरिट, गुलाबी. बाटल्यांचं मला कधीच अडलं नाही, कारण आमच्या लॅबमध्ये प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याच्या गाठी असायच्या, पहिलीला एक, दुसरीला दोन, अशा. क्रम चुकू नये म्हणून सरांनीच त्या बांधलेल्या होत्या. स्लाइड टिपून, तेलाचा थेंब टाकून मी डोळा लावला. आखूड दांडे, सुटे सुटे, सगळीकडे सारखे पसरलेले. इतकी सुंदर स्लाइड मी वर्षभरात केली नव्हती. आणि रंग तोच, ओल्या राखेचा.

मी उजेड कमी केला, जास्त केला. स्लाइड काढली, पुन्हा लावली. डावा डोळा लावून पाहिलं. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी समाधानाने सुस्कारा सोडला आणि मला त्याचा रागच आला. सरांच्या कपाटाकडे नजर गेली. त्यातली पोटॅशची बाटली मिळाली असती तर एका थेंबात काम झालं असतं, पण कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली मागायची म्हणजे कारण सांगणं आलं. मॅडम दोन टेबलं पलीकडे आल्या होत्या. मला बसवेना, म्हणून मी उभा राहिलो.

उभ्या उभ्याच मला ते सुचलं. गुलाबी रंग मागाहून आला. ग्रामकडे तो नव्हताच. त्याला काही जंतू दिसत आणि काही दिसत नसत. गुलाबी घातल्यावर दोन रंगांतून एक ओळखायचा असतो, ते मला जमत नाही. पण आहे की नाही, हे तर आंधळ्यालाही कळेल. मी घाईने दुसरी स्लाइड घेतली. लेप, जांभळा, आयोडीन, स्पिरिट, आणि तिथेच थांबलो. डोळा लावला तर काही नाही. सगळं क्षेत्र धुतलेल्या ताटासारखं कोरं.

"काय दिसतंय?" कानविंदे मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला केलं आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "यात काहीच नाही. लेप धुऊन गेलाय."

"गेला नाही मॅडम. जंतू आहेत."

"मला तर दिसत नाहीत." त्यांनी पेन उघडलं.

"एक मिनिट द्या," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. स्लाइड काढली, झायलीनच्या थेंबाने तेल उतरवलं आणि चार गाठींची बाटली घेऊन गुलाबी रंग घातला. ते मिनिट संपता संपेना. कोपऱ्यात हिरेमठ सर कुणाची तरी तोंडी घेत होते, तेही थांबून बघायला लागले. लेप खरंच धुऊन गेला असेल तर सगळं संपलं होतं. स्लाइड धुतली, टिपली, तेल टाकलं. मी स्वतः बघितलं नाही. मॅडमना जागा करून दिली.

त्यांनी बघितलं. चाक किंचित फिरवलं, पुन्हा बघितलं. "गुलाबी दांडे," त्या म्हणाल्या. "भरपूर आहेत." मग माझी पहिली स्लाइडही लावून पाहिली. "ही तर उत्कृष्ट आहे. हिच्यात सगळं स्पष्ट असताना तू हा द्राविडी प्राणायाम कशासाठी केलास?"

इथे मला थाप मारता आली असती. खात्री करून घेत होतो म्हटलं असतं तर त्या खूश होऊन पुढे गेल्या असत्या. पण ती कोरी स्लाइड भरलेली पाहून माझ्या अंगात कसलं तरी बळ आलं होतं, आणि लपवून लपवून मी थकलोही होतो.

"मला जांभळा आणि गुलाबी वेगळे दिसत नाहीत," मी म्हणालो. "म्हणून गुलाबी न घालता केलं. जांभळा धरला असता तर जंतू दिसले असते. दिसले नाहीत, म्हणजे सोडला."

मॅडमनी पेन मिटवलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. "हे बघ," त्या म्हणाल्या, "तू हुशार आहेस. पण उद्या तू एखाद्या दवाखान्यात बसशील. मेंदूज्वर झालेल्या मुलाची स्लाइड तुझ्यापुढे येईल, आणि तू काय लिहितोस त्यावर डॉक्टर औषध ठरवतील. मी तुला तिथे पाठवायचं का?"

त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. मी मामांसारखं घरी जायचं, एवढंच डोक्यात आलं.

"मॅडम," हिरेमठ सर म्हणाले. ते नेहमीसारखे खिडकीपाशी होते, पण आता आमच्याकडे तोंड करून. "मागच्या गॅस्ट्रोच्या साथीत आपण दोघं नमुने तपासायला बसलो होतो. स्लाइड तुम्ही बघत होता आणि मी पोटॅशमध्ये तार काढत होतो."

"हो. आठवतंय."

"आपलं किती वेळा जुळलं नाही?"

मॅडमनी आठवून पाहिलं. "एकदा. तेव्हा माझं स्पिरिट जास्त वेळ राहिलं होतं. बरोबर तुम्ही होता."

"मी स्लाइड का बघत नव्हतो, ते तुम्ही विचारलं नाही."

"तुमची ती पद्धत आहे, असं मला वाटलं."

"मलाही ते दोन्ही सारखेच दिसतात, मॅडम. याला दिसतात तसेच." सरांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला. "नोकरी लागली तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मग सांगायची वेळ निघून गेली. या मुलानं आज सांगितलं, ते मला याच्या वयात जमलं नव्हतं. त्याला कुठं पाठवायचं ते तुम्ही ठरवा. पण डोळ्यावर भरवसा नसलेला माणूस दोनदा तपासतो, तेवढं लक्षात घ्या."

ज्या पोरांनी सरांना गुळव्या म्हणून हाका मारल्या होत्या, ती सगळी आपापल्या नळ्यांकडे बघत होती. मी बाटल्यांकडे बघत होतो. गळ्यातल्या त्या गाठी इतकी वर्षं कुणासाठी बांधलेल्या होत्या, ते मला आता कळत होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

मॅडमनी पुन्हा पेन उघडलं. स्लाइडचे पूर्ण मार्क त्यांनी मला दिसतील अशा बेताने लिहिले. पुढच्या तपासण्या कोणत्या करशील ते विचारलं आणि मी सांगत गेलो, एकदाही न अडखळता. जाताना त्या सरांना म्हणाल्या, "ती पोटॅशची बाटली कपाटात का ठेवता? ती प्रत्येक टेबलावर हवी." सरांनी किल्ली काढली आणि तिथल्या तिथे कपाट उघडलं.

बाहेर नसीम सायकल स्टँडपाशी उभी होती. सकाळपासून ती घरी गेलीच नव्हती. "काय निघालं?" तिने विचारलं.

"बरी आहे," मी म्हणालो.

"कुणी सांगितलं?"

तिला सगळं सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात हिरेमठ सर आपली लुना ढकलत आले. आम्हाला बघून थांबले. नसीमने घाईघाईने ओढणी सावरली.

"मुलाणी," सर म्हणाले, "तू 'छान आहे' फार मोठ्यानं म्हणतेस."

नसीमचा चेहरा उतरला. सर, त्याची काही चूक नाही, मीच त्याला, असं काहीतरी ती पुटपुटायला लागली. सरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"पहिल्या आठवड्यातच मला कळलं होतं. तुमच्या टेबलामागं खिडकीत मी काय हवा खायला उभा राहत होतो? छान म्हटलीस की जांभळा, बरी म्हटलीस की गुलाबी. वर्गातल्या निम्म्या स्लाइडी मी तुझ्या तोंडून ऐकून तपासल्या." त्यांनी लुनाला पायडल मारलं. ती सुरू झाली नाही, म्हणून पुन्हा मारलं. "आता तू निघालीस. पुढच्या वर्षी मी कुणाचं ऐकायचं, ते सांग."